गुरुवारची चुकलेली उत्तरं

१

ऐका ना, आधी चहा खाली ठेवा. मधेच कोणी "मग?" म्हणालं की माझी लिंक तुटते. सिद्धेश, तू तर शेवटपर्यंत तोंड उघडू नकोस, तुला सगळं आधीच कळल्यासारखं वाटत असतं.

तर चौथी ब मध्ये चोरी झाली होती. म्हणजे चोरी नाही म्हणता येणार, उलटंच. कोणीतरी गुपचूप येऊन चौथी ब च्या नावावर चुका टाकून जात होतं.

थांबा, नीट सांगते. माझं काम तुम्हाला माहितीये. पिंपळे गुरवच्या त्या शाळेत 'गणितगाडी' चालते, टॅबवर. पोरं गणितं सोडवतात, बरोबर आलं की गाडी पुढच्या स्टेशनात, चुकलं की एक बाई समजावून सांगते. चौथी अ ला टॅब नाहीत, चौथी ब ला आहेत. वर्ष संपताना बघायचं, टॅबमुळे पोरांचं गणित खरंच सुधारलं का. एवढाच सगळा प्रकार.

आणि दिवाळीनंतर चौथी ब चा आलेख असा खाली गेला ना, जिन्यावरून डबा पडावा तसा.

बरं, गंमत ही की कागदावरच्या परीक्षेत तीच पोरं अ तुकडीच्या पुढे. कागदावर हुशार, टॅबवर ढ. आमचे साहेब म्हणाले, "दिव्या, कागदावरचे मार्क बाईंनी वाढवलेत. स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच तपासायचा. शनिवारी मी येतो. टॅब उचलू आणि संस्थेला कळवू."

बाई म्हणजे विजयश्री मॅडम. वर्गशिक्षिका, करारावर. शाळा चालवणाऱ्या संस्थेला असं काही कळलं की पुढच्या वर्षी त्या नाहीत. आणि मॅडम खोटे मार्क देणार? मुलाने पेन्सिल उसनी घेतली तरी "विचारून घेतलीस का" म्हणणारी बाई ती.

माझ्याकडे बुधवार ते शनिवार होते. मी म्हटलं, बघूच कोण आहे ते.

२

विजयश्री मॅडम स्टाफरूममध्ये एकट्या बसल्या होत्या, डबा उघडून, न खाता.

"तुला पण वाटतं का गं मी मार्क वाढवले?" त्यांनी विचारलं.

"वाटत असतं तर साहेबांबरोबर आले असते, मॅडम. आत्ता भाजी काय आहे ते सांगा."

हसल्या थोड्या. मग आम्ही दोघींनी एकेका मुलाचं खातं उघडून बघितलं. आमच्या साहेबांनी हे कधी केलंच नव्हतं हो, ते नुसती सरासरी बघतात. सगळ्या पोरांची गाडी बरी चाललेली. आणि मग आलं अजिंक्यचं खातं.

अजिंक्य म्हणजे वर्गातला पहिला नंबर. पाढे म्हणायला लागला की पंखा बंद पडल्यासारखी शांतता होते. त्याच्या खात्यावर ढीगभर चुका. आणि आमची सरासरी पोरांवर नाही, प्रश्नांवर निघते. एकानेच शेकड्यांनी प्रश्न चुकवले की अख्खा वर्ग खाली.

"पण हे शक्यच नाही," मॅडम म्हणाल्या. "हे बघ, सगळं गुरुवारचं आहे, आणि शाळेच्या वेळेतलं. तेव्हा अजिंक्य माझ्या पुढ्यात पहिल्या बाकावर असतो, गुरुवारी आमचा टॅबचा तास पण नाही."

म्हणजे अजिंक्य सुटला. दुसरं कोणीतरी त्याच्या खात्यात शिरत होतं. खातं मोबाईलवर पण उघडतं, आणि पासवर्ड म्हणजे तीन चित्रं, लहान पोरं ना. अजिंक्यचं आंबा, सायकल, चिमणी. वर्गात कोणालाही विचारा, नाचत सांगतील.

मी घरी गेले, जेवायला बसले आणि घास हातातच राहिला. चुका बघत होते ना मी, पण नीट बघितल्याच नव्हत्या.

प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. तुम्ही डोळे मिटून बोट ठेवलं तरी अधूनमधून बरोबर येणारच. मांजर चाललं स्क्रीनवरून तरी येईल. आणि गुरुवारच्या त्या सगळ्या प्रश्नांत पहिल्या फटक्यात एकसुद्धा बरोबर नव्हता. एकही नाही.

सिद्धेश, बोलू नकोस म्हटलं ना. हो, तेच. ज्याला गणित येत नाही त्याला इतकं पक्कं चुकता येतच नाही. जो कोणी होता, त्याला प्रत्येक उत्तर येत होतं.

३

आता असं कोण? पहिलं नाव डोक्यात आलं शालनबाईंचं.

शालनबाई चौथी अ च्या. इथल्याच, जुन्या गावातल्या घरच्या. टॅब आले त्या दिवसापासून त्या टॅबना "पाट्या" म्हणतात. त्यांच्या वर्गात चिंचोके, खडू आणि त्यांचा आवाज. आणि गुरुवारी दुपारी त्यांचा तास मोकळा असतो, हे मी फळ्याशेजारच्या वेळापत्रकात बघितलं आणि थेट त्यांना गाठलं.

"बाई, गुरुवारी मोकळ्या तासाला काय करता?" मी आपलं सहज विचारतेय असं.

"झोपते," त्या म्हणाल्या. "का गं? तुझ्या गाडीला धक्का मारायला येऊ?"

"नाही, म्हणजे चौथी ब ची गाडी कोणीतरी मागे ढकलतंय."

त्यांनी चष्मा काढला. रागावल्या की त्या शाळेतलं बोलणं सोडतात आणि घरचं काढतात. "हे बघ पोरी, मला तुझ्या पाट्या आवडत न्हाईत, हे मी तोंडावर बोलते. पर विजयश्रीचं पोट मारायला मी असली चोरटी कामं करीन व्हय? आणि मला त्यो मोबाईल उघडता येत न्हाई, नात उघडून देती."

मी खाली मान घातली. निघताना त्यांनीच मागून हाक मारली.

"तुझ्या गाडीत ती एक बाई बोलते ना, चुकल्यावर? तेवढी मला आवडते. भिंतीतून ऐकू येतं. 'काही हरकत नाही, घाई कशाला करायलास, परत बघ.' लातूरकडची हाय वाटतं. वर्गात चुकलेल्या पोराला असं बोलायला पाहिजे, मला काय ते जमलं न्हाई."

हे ऐकून मला जरा वाईटच वाटलं. कारण पुढच्या महिन्यात तो आवाज जाणार होता. साहेब म्हणत होते, फार गावाकडचा वाटतो, त्याजागी मशीनचा घालू. आवाज कोणाचा होता मलाही माहीत नव्हतं. माझ्या आधीच्या टीमने कोणा पालकबाईंकडून करून घेतला होता.

मी मात्र शालनबाईंच्या बोलण्यावरून परत आमच्या त्या नोंदी उघडल्या. ती बाई बोलायला लागली की तिचं बोलणं मधेच बंद करता येतं. सगळी पोरं करतात, कोणाला धीर असतो? पण गुरुवारवाला करत नव्हता. प्रत्येक चुकीनंतर तिचं बोलणं अगदी शेवटपर्यंत. मग बरोबर उत्तर. मग पुढचा प्रश्न, परत चूक, परत ती बोलणार.

पाडायला आलेला माणूस इतका वेळ ऐकत कशाला बसेल, सांगा?

४

तरी मी दिग्विजयकडे गेलेच. सांगवीच्या पुलाजवळ त्याचे क्लासेस आहेत, 'पाया पक्का' असा बोर्ड. टॅब आल्यापासून त्याची चौथीची बॅच अर्धी झाली होती, त्याला कारण होतं, गणित येत होतं, आणि अजिंक्य पूर्वी त्याच्याकडे जायचा.

"या मॅडम," तो म्हणाला, "माझं दुकान बंद करून आता काय, बघायला आलात?"

"गुरुवारी तुम्ही काय करता, सर?"

"गुरुवारी? माशा मारतो." त्याने हजेरीवहीतले गुरुवारचे रिकामे रकाने दाखवले, त्या दिवशी पण गुरुवारच होता ना. "गुरुवारी माझ्याकडे कोण येतंय? बाप घरी असतात. पोरं बापाला चिकटतात, बाप म्हणतो आज राहू दे क्लास. मी तर बोर्डवरच लिहिणार होतो, गुरुवार बंद."

मी तिथंच उभी राहिले. मला स्वतःच्या कानाखाली वाजवाविशी वाटली, खरंच सांगते.

अहो, गुरुवार. आपल्याकडच्या कंपन्यांची सुट्टी. माझे पप्पा भोसरीला होते तेव्हा आमच्या घरी रविवार हा वारच नव्हता. रविवारी ते डबा घेऊन कामावर, आणि आम्ही बहिणी गुरुवारी शाळा सुटायची वाट बघायचो, कारण गेटवर पप्पा गाडी घेऊन उभे असायचे. सगळ्या जगाचा रविवार आणि आमचा गुरुवार. आणि मला, मला, हे कळायला दोन दिवस लागले. मी शाळेची वेळापत्रकं बघत बसले होते.

"सर, अजिंक्यचे वडील कुठे असतात कामाला?"

"सुजित ना? कंपनीत आहे, भोसरीला. माणूस चांगला आहे. पूर्वी बायको यायची फी भरायला, हल्ली तोच येतो. बोलत नाही फारसा."

शाळा सुटायला अजून तासभर होता. मी गाडी काढली ती थेट पिंपळे गुरवला, त्यांच्या घरी. तिसऱ्या मजल्यावरची खोली, लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावर पोचले आणि वरून आवाज आला.

"काही हरकत नाही. घाई कशाला करायलास? परत बघ."

दार उघडंच होतं.

५

सुजितभाऊ जमिनीवर बसले होते. पुढ्यात पाण्याची कळशी, कळशीला टेकवलेला मोबाईल, बाजूला अर्धवट पिळलेला कंपनीचा युनिफॉर्म. मला बघून गडबडीनं उठले, आणि मोबाईल उलटा ठेवला.

"मी गणितगाडीची," मी म्हटलं. "अजिंक्यच्या खात्याबद्दल आले."

त्यांनी काही नाकारलं नाही हो. मला वाटलं होतं नाकारतील, मी पायऱ्या चढताना सगळं पाठ केलं होतं, चार पर्याय, गुरुवार, शेवटपर्यंत ऐकणं. ते नुसते म्हणाले, "अजिंक्यला काही होणार नाही ना?"

"अजिंक्यला नाही. विजयश्री मॅडमची नोकरी जाईल. तुमच्या चुकांमुळे त्यांचा वर्ग ढ दिसतोय."

ते खालीच बसले परत. "मला वाटलं कोण बघतंय. पोराचं तर वर्गात बरोबरच असतं."

"भाऊ, तो आवाज कोणाचा आहे?"

"मोनिकाचा. अजिंक्यच्या आईचा."

भिंतीवर फोटो आहे का, त्याला हार आहे का, असं मी बघायला लागले. त्यांना कळलं ते.

"नाही नाही," ते घाईघाईनं म्हणाले. "आहे ती. रावेतला असती, भावाकडं."

रावेत. माहितीये ना, इथून गाडीवर जेमतेम अर्धा तास. सिग्नल धरूनसुद्धा.

मग त्यांनीच सांगितलं, तुटक तुटक, युनिफॉर्मचं पाणी पिळत. शाळेत पालकांना विचारलं होतं, स्वच्छ बोलणारं कोणी आहे का. मोनिकाताई गेल्या, दोन दुपारी शाळेच्या वाचनालयात बसून सगळं बोलून आल्या. आमच्या कंपनीला इतकं आवडलं की त्यांना नोकरीच देऊ केली, शाळाशाळांतून फिरून गणितगाडी बघायची.

ती नोकरी म्हणजे माझी नोकरी, कळतंय का?

"त्या दिवशी माझे कंपनीतले दोस्त जेवायला आल्ते," सुजितभाऊ म्हणाले. "ती त्यांना सांगत होती, कसं बोलले, काय बोलले. खुशीत होती. आणि मी म्हणालो, जरा गप्प बस, तुझ्या आवाजाचं काय एवढं कौतुक. सगळे हसले. मी पण हसलो."

"मग?"

"मग ती गप्पच बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. नोकरीला पण नाही म्हणाली. आणि दिवाळीला भावाकडं गेली ती आलीच नाही. अजिंक्य रविवारी जातो, मेव्हणा येतो न्यायला. रविवारी मी कामावर."

"फोन करायचा ना, भाऊ."

"करतो. उचलला की मला बोलायला येत नाही. अजिंक्य जेवला, एवढं सांगतो अन् ठेवतो."

मी म्हटलं, तुमच्या मोबाईलमध्ये व्हिडिओ असतील की ताईंचे, लग्नातले, अजिंक्यच्या वाढदिवसाचे. ते बघा. पोराच्या खात्यात कशाला?

त्यांनी मान हलवली. "आहेत. त्यात ती सगळ्यांशी बोलती. इथं मी चुकलो की बोलती. चुकलो की म्हणती, काही हरकत नाही."

सांगू का, मी त्या माणसाला सरळ करायला गेले होते, आणि मीच भिंतीकडे बघत बसले.

पण सांगावं तर लागणार होतंच. की मला हे वेगळं काढावं लागेल. आणि पुढच्या महिन्यात हा आवाजच जाणार आहे, मशीनचा येणार आहे. मी घाईघाईनं म्हटलं, मी सगळं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर देते, तुमच्याकडे राहील.

"नको," ते म्हणाले. "पेन ड्राइव्हवर चुकता येत नाही."

६

शुक्रवारी सकाळी मी साहेबांना सगळी आकडेवारी पाठवली. एका घरातला मोठा माणूस मुलाचं खातं वापरत होता, ते प्रश्न वगळले की हा घ्या चौथी ब चा आलेख. वर जात होता, कागदावरच्या मार्कांसारखाच, हळूहळू पण वर. साहेब म्हणाले, "अच्छा." एवढंच. शनिवारचं येणं रद्द. विजयश्री मॅडमनी मला डब्यातली अख्खी गाजराची वडी दिली.

केस संपली ना? संपली. पण मला झोप लागेना.

जुना आवाज काढायचा तर त्या बाईंना कळवायला हवं, हे माझ्या कामातच बसत होतं. खरं सांगू, नसतं बसत तरी मी बसवलं असतं. मी रावेतला गेले.

मोनिकाताई एका सोसायटीच्या पाळणाघरात काम करतात. दारात चपलांचा ढीग, आत पोरं झोपलेली, त्यामुळे आम्ही बाहेर जिन्यात बसलो. पहिल्याच वाक्याला मी आवाज ओळखला. इतके महिने तो आवाज ऐकतेय मी, आणि तो समोर बसून विचारत होता, "पाणी देऊ का?"

आवाज काढणार म्हटल्यावर त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या.

"पोरांना आवडतो पण," मी म्हटलं. "शालनबाईंना पण. आणि एक आहेत, गुरुवारी ऐकतात. त्यांचं सगळं चुकतं."

मी नाव घेतलं नाही, शपथ.

"सगळंच?"

"एकही बरोबर नाही."

आत एक पोर कुरकुरलं, त्यांनी दाराकडे बघितलं, ते परत झोपलं. मग म्हणाल्या, "म्हणजे येतंय की त्याला."

मला रात्री घास हातात धरून जे सुचलं होतं, ते त्यांना तिथल्या तिथे.

"गणितात तो कधी चुकला नाही," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "बाजारातनं आला की भाजीवाल्याच्या आधी त्याची बेरीज. बोलण्यात चुकला." आणि मग, "गुरुवारी म्हणजे सुट्टी वाया घालवायलाय अशी?"

"तुमचंच ऐकतात. शेवटपर्यंत. मधे बंद करत नाहीत."

यावर त्यांनी पदराने मान पुसली. ऊन नव्हतं जिन्यात.

"त्या तुमच्या गाडीत," त्यांनी विचारलं, "अजून एखादं वाक्य घालता येईल का?"

मी मोबाईल पुढे धरला. खालून कोणाची तरी बुलेट गेली, आम्ही थांबलो. मग त्या बोलल्या, एकदाच. मी म्हटलं परत घेऊ का, बुलेटचा थोडा आवाज आलाय. म्हणाल्या, असू दे.

७

आता मला बोलणी खायला लागतील तर लागोत. मी अजिंक्यचं खातं दोन केलं. एक अजिंक्यचं, नवीन, चित्रं बदलून. आणि जुनं तसंच ठेवलं, आंबा, सायकल, चिमणी, वर्गाच्या सरासरीतून बाहेर. सुजितभाऊंना कळवलं की एवढा गुरुवार उघडेल, नंतर बंद. आणि त्या एका खात्यात चुकल्यावरचं वाक्य बदललं.

गुरुवारी मी शाळेतच होते, स्टाफरूममध्ये, लॅपटॉप उघडून. शालनबाई शेजारी पेपर तपासत होत्या. "काय बघतीस एवढं?" म्हणाल्या. मी म्हटलं, गाडीची वाट.

खातं उघडलं. पहिला प्रश्न, साधा गुणाकार. चूक.

मला तिथं काही ऐकू येत नव्हतं, पण मला माहीत होतं आत्ता त्या खोलीत काय ऐकू येतंय. मोनिकाताईंचा आवाज, मागे रावेतची बुलेट. "तुला येतंय. मला माहितीये तुला येतंय. मग मुद्दाम कशाला चुकायलास? इथं नको, येऊन सांग."

ऐकलं, शेवटपर्यंत. मग काहीच नाही. शालनबाईंचे चार पेपर झाले, तरी काहीच नाही. मला वाटलं संपलं, मोबाईल ठेवून दिला, मीच नको तिथं नाक खुपसलं.

मग तोच प्रश्न परत. बरोबर. आणि खातं बंद.

शुक्रवारी सकाळी मी गेटवरच थांबले. अजिंक्य आला, दप्तर एका खांद्यावर, आणि मी काही विचारायच्या आत तोच सांगायला लागला.

"मॅडम, मी काल आईकडं गेल्तो. रविवार नव्हता तरी."

"कोणाबरोबर?"

"पप्पाबरोबर. गाडीवर."

"पप्पा वर गेले घरात?"

"नाही. खालीच थांबले, पार्किंगमध्ये. आईच खाली आली."

"मग काय बोलले रे दोघं?"

त्याने जरा आठवून बघितलं.

"मला गाडीवर बसवून ठेवलेलं, लांब. सगळं नाही आलं ऐकू," तो म्हणाला. "पण आईच बोलत होती. लई वेळ. पप्पा गप्प बसून ऐकत होते."